वीस छर्रे

मंगळवार, रात्री

इलेक्ट्रिशियन माळ्यावरून उतरला तो हातात वीतभर वायर घेऊनच. मागच्या खोलीतला दिवा चार दिवस लुकलुकत होता, त्याचं कारण त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. वरचं आवरण जोडीजोडीच्या बारीक खाचांनी सोलून निघालेलं, जणू कोणी पटाशी चालवलीये, आणि आत तांबं लखलखत होतं. शेजारीच कोरडा पालापाचोळा, चिंध्या, काथ्या यांचा ढीग आहे म्हणाला. एक ठिणगी पुरली असती. आम्ही सगळे त्या माळ्याखाली झोपतो.

इतके महिने मी खारींचं सगळं चालवून घेत होतो. टोमॅटो अर्धवट खाऊन टाकून देतात, घेऊ देत. पक्ष्यांसाठी टांगलेलं भांडं उलटं लटकून रिकामं करतात, करू देत. पण ही वायर पाहिल्यावर अंगाला घाम फुटला. दादाला फोन केला. त्याचं उत्तर तयारच होतं : "उद्या येऊन माझी छर्‍याची बंदूक घेऊन जा. एक छर्रा, विषय संपला."

मी हो म्हणालो. रागात म्हणालो, पण मनापासून म्हणालो.

बुधवार

बंदूक आणली. आधी नियम तपासले. ब्रिटनमध्ये राखाडी खार मारता येते, कारण ती तिथली नव्हेच. उत्तर अमेरिकेतून आणून १८७६ पासून तिथे सोडलेली. तिच्या अंगावरून पसरणार्‍या देवीसारख्या विषाणूने तिथली मूळची तांबडी खार मरते, आणि ही तांबडी १९८१ च्या कायद्याने संरक्षित आहे. भारतात शेकरूला मारणं गंभीर गुन्हा. म्हणजे 'खार' एवढ्या शब्दाने काहीच ठरत नाही, कुठली आणि कुठे हे आधी पाहावं लागतं. माझ्या अंगणातल्या राखाडी खारीला मारायला इथे मनाई नाही. छर्रा कुंपणाबाहेर जाता कामा नये, एवढी अट.

तांबड्या खारी वाचाव्यात म्हणून राखाडी मारणार्‍यांना मी नावं ठेवणार नाही. एक जात वाचवायला दुसरी कमी करावी लागते, हे मला पटतं. म्हणून 'मारणं पापच' असं म्हणून मला सुटता येत नाही. माझ्या अंगणात, माझ्या हातून, हे काम नीट होईल का, एवढंच बघायचं आहे.

गुरुवार, दुपार

जाड फळी उभी केली, मागे वाळूची पोती रचली. कागदावर ३ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं. खारीचं डोकं एवढंच. छर्रा तिथे लागला तरच ती जागच्या जागी संपते. पंधरा पावलं मोजली, टेबलावर कोपर टेकले, दस्ता खांद्याला लावला. दादाने लहानपणी शिकवलं होतं : खाचेतून माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा नेमाचा उंचवटा, माशीवर खूण, अर्धा श्वास सोडायचा आणि चाप हिसकायचा नाही, दाबायचा.

वीस छर्रे मारले.

कागद आता माझ्यासमोर आहे. तेरा भोकं वर्तुळात, सात बाहेर. त्यातली दोन डावीकडे खाली, तिथे जबडा येईल. जबडा फुटलेली खार पळून जाते, झाडाच्या ढोलीत बसते आणि खाता न आल्यामुळे दिवसेंदिवस मरत राहते. तीन भोकं बोटभर खाली, म्हणजे छाती नाहीतर पोट. उरलेली दोन पार उजवीकडे. तिथे खार नाहीच, छर्रा सरळ पुढे गेला.

आणि कागद हलत नव्हता. वारा नव्हता, घाई नव्हती, हाताखाली टेबल होतं. खार एका जागी दोन सेकंद थांबली तर खूप. ती असते वळचणीला, डोक्याच्या वर. तिच्यामागे वाळूची पोती नाहीत, आभाळ आहे, आणि त्याखाली शेजार्‍यांच्या वरच्या मजल्याची खिडकी. वर रोखलेला छर्रा शंभर-दीडशे मीटर सहज जातो. त्या खिडकीत त्यांची धाकटी अभ्यासाला बसते. दादा म्हणाला होता एक छर्रा, पण माझे वीसातले सात चुकतात.

शुक्रवार, पहाटे

तरीही बसलो. हे लिहायलाच हवं. कागद बघून निर्णय झाला होता असं मी स्वतःला सांगू शकलो असतो, पण तसं झालं नाही. ती वायर डोळ्यांसमोरून हलत नव्हती. साडेपाचला मागच्या पायरीवर बंदूक मांडीवर घेऊन बसलो.

सव्वासहाला ती आली. खोडावरून डोकं खाली करून उतरली. मागचे पंजे घोट्यातून पार उलटे वळतात म्हणून त्यांना हे जमतं. माझ्यापासून दहा पावलांवर पायपुसणं होतं. ती त्याच्यापाशी बसली आणि काथ्या उपसू लागली. एकेक धागा दातांनी ओढायचा, पुढच्या पायांनी गोल गुंडाळायचा, तोंडात कोंबायचा. समोरचे दात नारिंगी दिसले. त्यांच्या दातांच्या आवरणात लोह असतं, आणि ते दात जन्मभर वाढत राहतात, झिजवले नाहीत तर तोंडच मिटणार नाही. माझी वायर तिने त्याच गरजेने कुरतडली असणार. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काथ्याच्या मिशा लोंबायला लागल्या, तेव्हा ती पन्हळीवरून चढली आणि वळचणीच्या भोकात शिरली.

त्या दोन-तीन मिनिटांत माझ्याकडे वेळ होता. ती खाली होती, तिच्यामागे मातीचा बांध होता, खिडकी नव्हती. मी बंदूक खांद्याला लावलीही होती. माशीवर तिचा कान होता. पण तो काथ्या कशासाठी चाललाय हे मला कळलं, आणि मी बंदूक खाली ठेवली. ती मेली असती तर वर पिल्लं उपाशी मेली असती, आमच्या डोक्यावर, त्या वायरीशेजारी.

शुक्रवार, रात्री

पिंजर्‍यात धरून लांब सोडून यावं हा विचारही केला. हिला वाटतं तो सगळ्यात दयाळू मार्ग. पण अमेरिकेत मेरीलँडमध्ये लोकवस्तीतल्या ३८ राखाडी खारी पकडून जंगलात सोडल्या होत्या, तर तीन महिन्यांच्या आत जवळजवळ सगळ्या मेल्या किंवा बेपत्ता झाल्या. अनोळखी झाडं, साठवण नाही, आणि तिथल्या खारी टिकू देत नाहीत. शिवाय इथली जागा मोकळी राहत नाही, शेजारच्या झाडावरची दुसरी येऊन बसते. मारलं तरी तेच. दोष भोकात आहे, आणि ते भोक मी दोन पावसाळे बघत होतो.

दादाला फोन केला. म्हटलं, बंदूक परत आणतोय. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वायरीचं काय करणार ते सांग." बरोबर विचारलं त्याने. माळ्यावरचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरूनच बंद केलाय. मागच्या खोलीत बाहेरून तात्पुरती वायर ओढून एक दिवा लावलाय. हिने तक्रार केली नाही, फक्त किती दिवस एवढंच विचारलं. राखाडी खारीची पिल्लं दूध सोडायला साधारण दहा आठवडे घेतात. तेवढे दिवस, म्हटलं.

रविवार, अकराव्या आठवड्यात

गेले काही दिवस पहाटे छपरावर तीन पिल्लं दिसत होती, शेपट्या अजून विरळ. चार दिवसांपूर्वी दुपारी शिडी लावून माळ्यावर टॉर्च मारली. काही हललं नाही. तरी घाई केली नाही. आतून ढकलून बाहेर पडता येईल पण परत आत येता येणार नाही अशी झडप भोकावर लावली, आणि तीन दिवस भोकासमोर चुरगळलेला कागद ठेवून पाहिला. तो जागचा हलला नाही तेव्हा झडप काढून बारीक चौकोनांची जस्ताची जाळी वाशांना ठोकली. छपरावर झुकलेल्या दोन फांद्या तीन मीटर मागे छाटल्या, कारण एवढी उडी त्यांना जड जाते. दाण्यांमध्ये मिरचीची पूड मिसळली. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही, खारींना जाणवतो.

नवी वायर लोखंडी नळीतून घातली. इलेक्ट्रिशियनने बटण दाबलं आणि मागच्या खोलीतला दिवा लागला, न लुकलुकता.

संध्याकाळी ती पन्हळीवरून आली. जाळीला दात लावले, एकदा, मग दुसर्‍या कोपर्‍यावर पुन्हा. तिथेच बसून शेपटी झटकत राहिली, बराच वेळ. मी पायरीवरून बघत होतो. मग ती खोडाकडे वळली, आणि मी शिडी उचलायला गेलो, कारण डावीकडच्या कोपर्‍यात एक खिळा अजून ठोकायचा राहिला होता.