जर्नल एकीचं, अक्षर दुसरीचं

सबमिशनच्या आठवड्यात बी.फार्मच्या चौथ्या सेमिस्टरची मेडिसिनल केमिस्ट्रीची, म्हणजे औषधांच्या रसायनशास्त्राची, प्रॅक्टिकल जर्नल्स तपासत होते. बेन्झिमिडाझोल हे संयुग बनवण्याच्या प्रयोगाखाली सही करायला पेन टेकवलं आणि थांबले. इंग्रजी 'जी'ची ती लांब, वळलेली शेपटी आत्ताच कुठेतरी पाहिली होती. खालची जर्नल्स काढली. चार रोल नंबर, अक्षर एकच.

आमच्याकडे याला सरळ डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे कसूर करणाऱ्यांच्या यादीत नाव. चौघींना बोलावलं तेव्हा रडारड होईल अशी तयारी ठेवली होती. पण उरणहून येणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, आम्ही विषय वाटून घेतलेत. मी सगळ्यांचं मेडकेम लिहिते, ही फार्माकॉलॉजी, ती फिजिकल, ती कॉग्नोसी." फार्माकॉलॉजी म्हणजे औषधांचे शरीरावरचे परिणाम, फिजिकल म्हणजे फिजिकल फार्मास्युटिक्स, कॉग्नोसी म्हणजे फार्माकॉग्नोसी, वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांचा अभ्यास.

"अगं, पण पानं तर तेवढीच होतात ना?"

"पानं तेवढीच. पण शोधायचं एकाच विषयाचं. बाकी नुसतं उतरवायचं, ते गाडीतही होतं."

ती संध्याकाळी नेरूळला उरणची लोकल धरते. एक चुकली की पुढचीची बराच वेळ वाट बघायची. दुसरी अंबरनाथहून ठाण्याला येते आणि तिथे नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते. "झोप किती होते?" असं विचारलं, तर चौघी एकमेकींकडे बघून हसल्या.

त्या दिवशी मी चारही विषयांची जर्नल्स स्टाफरूममध्ये मांडून बसले. पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) अभ्यासक्रमात या सेमिस्टरला पाच थिअरी आणि चार प्रॅक्टिकल. ट्युटोरियल धरून आठवड्याला 36 तास. त्याला आम्ही हात लावू शकत नाही. दोन सेशनल म्हणजे अंतर्गत परीक्षा आणि 80 टक्के हजेरीही ठरलेली. पण त्यावर आम्ही जे चढवलं होतं, ते नियमात कुठेच नव्हतं. सिम्पथोमिमेटिक, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनसारखा परिणाम करणारी, औषधं मेडकेममध्ये आणि फार्माकॉलॉजीतही, एकाच सेमिस्टरला. रचना इथे, परिणाम तिथे, हे बरोबरच. पण त्यातल्याच सालब्युटामोल या दम्याच्या औषधाची असाइनमेंट दोन्हीकडे, वर्गीकरणाचा तक्ता दोन्हीकडे, आणि दोन्ही सबमिशन एकाच आठवड्यात! सशाच्या डोळ्यावरचा औषधांचा परिणाम आता संगणकावर दाखवतात, प्राणी वापरत नाहीत. तरी आम्ही पानभर आकृती हाताने काढून घेत होतो. कोणी सुरू केलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरचा परीक्षक जाड जर्नल बघून खूश होतो, एवढंच एक कारण सगळ्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विभागाची बैठक झाली. फार्माकॉलॉजीच्या सहकारी लगेच तयार झाल्या: दोन विषयांची मिळून एकच असाइनमेंट, मार्क दोन्हीकडे. संगणकावरच्या प्रयोगांना छापील पान, मुलींनी फक्त निरीक्षणं आणि निष्कर्ष लिहायचे. कॉग्नोसीचे सर मात्र अडून बसले. "कॅमेरा ल्युसिडाने, सूक्ष्मदर्शकातलं कागदावर उतरवून, पानावरची छिद्रं म्हणजे स्टोमॅटा स्वतः काढल्याशिवाय नजर बसत नाही. ते मी छापून देणार नाही." मला ते पटलं. सगळंच लिखाण फुकट नसतं. हात चालल्याशिवाय काही गोष्टी डोक्यात जात नाहीत. त्यांनी थिअरी परत उतरवून घेणं मात्र सोडलं.

चौघींचं काय करायचं यावर बरीच वादावादी झाली. प्राचार्यांचं म्हणणं, शिक्षा न करता सोडलं तर उद्या वर्ग चौघांचौघांत वाटला जाईल. तो आधीच वाटला गेलाय, असं मी सांगितलं. शेवटी प्रत्येकीने न लिहिलेल्या विषयांची तोंडी परीक्षा द्यायची ठरलं. तिघी पास झाल्या, एकीला फिजिकल फार्मास्युटिक्स पुन्हा द्यावी लागली.

या फेरफारात गुरुवारी दुपारी एक तास मोकळा निघाला. आठवडाभरात तिथे जीपॅटचा (एम.फार्मच्या प्रवेश परीक्षेचा) वर्ग घालायचा प्रस्ताव आला. मी लेखी नकार दिला. मग ऑफिसमधून विचारणा आली: टाइमटेबलमध्ये चौकट रिकामी छापता येत नाही, विषयाचं नाव कळवावे. मी अजून कळवलेलं नाही.