वड्याखालचा ठिपका

शाईने हाती काढलेला, जरा झिजल्यासारखा दिसणारा फॉन्ट गणेशोत्सवाच्या फ्लेक्सवर शोभून दिसतो. पण रोमन अक्षरांत शाई उडाली तर बहुधा खपून जाते. देवनागरीत शिरोरेषेवर पडलेला प्रत्येक शिंतोडा अनुस्वार व्हायला बघतो. अक्षराखाली पडला तर इंदुरात वेगळीच पंचाईत. इथल्या मराठी माणसाचे डोळे हिंदीलाही सरावलेले, त्यामुळे ‘ड’खालचा थेंब नुक्ता, म्हणजे हिंदीत अक्षराखाली देतात तो ठिपका, ठरतो आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीतला वडा बसल्या जागी ‘वड़ा’ होतो. शिंतोडे हवेतच तर ते अक्षराच्या उभ्या दांड्याला लगटून असावेत.

असा फॉन्ट करायचा तर अक्षरं आठ-दहा सेंटीमीटर उंच काढावीत, चित्रकलेच्या जाड कार्ट्रिज कागदावर, ब्रश आधी रद्दीवर टिपून. झीज ब्रशच्या ओढीतूनच यायला हवी: फटकारा सुरू होतो तिथे शाई दाट, शेवटाकडे विरळ. संगणकावर वरून सरसकट खरवडलेलं अक्षर खोटं दिसतं ते याचमुळे. मग 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांतलं, स्कॅन. त्यातून काळं-पांढरं वेगळं करताना काळ्याकडे जास्त झुकलं तर झीज बुजते आणि कागदाचा रवाही शाई म्हणून आत येतो, पांढऱ्याकडे झुकलं तर विरळ शाई उडून जाते. संगणकाकडून स्कॅनची बाह्यरेषा आपोआप काढून घेतली (ट्रेस केलं) की एकेका अक्षरात हजारो बिंदू होतात आणि फॉन्ट रखडतो. बारीक भोकं निर्दयपणे काढून टाकावीत. छपाईत ती नाहीतरी भरूनच जातात.

खरी परीक्षा शिरोरेषेची. दोन अक्षरांच्या रेषा किंचित एकमेकींवर चढवाव्या लागतात, नाहीतर सांध्यात फट दिसते. हाताची रेषा कुठे जाड, कुठे बारीक. म्हणून टोकं सगळ्या अक्षरांत एकाच उंचीची आणि जाडीची ठेवायची, थरथर काय ती मधल्या भागात. टोकाशी ओरखडा नकोच. तो राहिला तर प्रत्येक सांध्यात पायरी पडते.

‘मामा’ लिहून बघा. दोन्ही ‘म’वर त्याच जागी तोच ओरखडा आला की हस्तकलेचं सोंग उघडं पडतं. नेहमीच्या अक्षरांची दोन-तीन रूपं काढून, शेजारचं अक्षर बघून रूप बदलण्याची सोय ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारात करता येते. त्यातच ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणंही द्यावीत. मात्र सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी निवडलेली राहिली तर ही वळणं बाहेर येत नाहीत, आणि इंदुरात भाषा बहुधा हिंदीच असते.

एवढं करून हा फॉन्ट मथळ्यापुरताच. वर्गणीदारांची यादी साध्या अक्षरांत लावावी. बारा पॉइंटला ही झीज नुसती घाण दिसते, आणि ज्यांना आपलं नाव वाचता आलं नाही त्यांच्या दारात पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन जायचं असतं.