जँगोची काळजी

दादरच्या एका जुन्या वाचनालयाच्या सभासद-वर्गणीची प्रणाली मी जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बांधायच्या मोफत चौकटीवर, लिहिली आणि ती आजही मीच सांभाळतो. ३.२ या आवृत्तीचे सुरक्षा-अपडेट एप्रिल २०२४ मध्ये थांबले, म्हणून ती ४.२ वर नेली. जँगो कुठेच अडला नाही. अडले ते पावत्या छापणारे, दुसऱ्या कुणी लिहिलेले एक छोटे जोड-पॅकेज. सर्व्हर सुरू करताच जँगोतले 'युगेटटेक्स्ट_लेझी' हे भाषांतराचे फंक्शन सापडत नाही, अशी एरर आली. हे नाव ४.० मध्येच काढून टाकले होते. दुरुस्ती एका ओळीची होती आणि कुणीतरी ती पाठवूनही ठेवली होती. पण पॅकेजच्या मूळ लेखकाने केव्हाच अंग काढून घेतल्यामुळे ती स्वीकारायला कोणी उरले नव्हते.

उद्या जँगोचेच असे झाले तर, ही धास्ती तेव्हापासून मनात आहे. मागे मोठी कंपनी असली की निर्धास्त राहावे, असे अनेकांना वाटते. परंतु गुगलच्या अँग्युलरजेएस या अशाच वेब-चौकटीची पुढची आवृत्ती २०१६ मध्ये मुळापासून नव्याने लिहिली गेली आणि जुन्याचा आधार २०२१ अखेर संपला. जँगो कॅन्ससमधील लॉरेन्सच्या एका दैनिकात जन्मला, २००५ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला, आणि २०१४ मध्ये एड्रियन होलोवाटी व जेकब कॅप्लन-मॉस नेतृत्वावरून बाजूला झाले तरी त्याचे काम खंडित झाले नाही, कारण तोवर २००८ साली स्थापन झालेले ना-नफा फाउंडेशन उभे होते. माझी खरी भिस्त आहे ती या फाउंडेशनने देणग्यांतून नेमलेल्या मोजक्या पगारी फेलोंवर. आलेली तिकिटे (तक्रारी-सूचना) वाचणे, इतरांचे पॅच (दुरुस्त्या) तपासणे, सुरक्षेच्या त्रुटी गाजावाजा न करता बुजवणे आणि आवृत्त्या वेळेवर काढणे, हे सगळे चिकाटीचे काम ते करतात. अशी माणसे थकली किंवा देणग्या आटल्या, तर कोड जागच्या जागी राहील, पण त्याला कोणी वाली उरणार नाही. अंधेरी-पवईच्या कितीतरी कचेऱ्यांप्रमाणे मीही याच चौकटीवर वर्षानुवर्षे कमावले आणि परत काहीच दिले नाही, याची मला खंत वाटते.

आता ५.२ वर जायचे आहे. तिची मुदत एप्रिल २०२८ पर्यंत आहे. त्या खर्चाच्या अंदाजपत्रकात मी फाउंडेशनसाठी वार्षिक देणगीची एक ओळ घातली. "फुकट मिळतं ना ते? मग देणगी कसली?" कोषाध्यक्ष काकांनी विचारले. "काका, पुस्तकं दान म्हणून आली, तरी बाइंडिंगवाल्याला आपण दरवर्षी पैसे देतोच की," मी म्हणालो. त्यांनी ती ओळ खोडली नाही. विषय पुढच्या बैठकीत येणार आहे.