तहानेल्या माणसाला पाणी नाही कसं म्हणता?

चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी येणारं कुणी ना कुणी मला स्वयंपाकघरात गाठतं आणि बाबांकडे बघत हळूच विचारतं, "पाणी मागणाऱ्या माणसाला नाही म्हणायला तुझा जीव कसा होतो गं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

बाबांचं डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास. आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तास यंत्र मूत्रपिंडाचं काम करतं. त्यांना लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे उरलेल्या वेळात प्यालेलं अंगातच साठतं. एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो. आधी पाय सुजतात, मग छातीत भरतं. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर आखून दिलंय. त्यातच चहा, पेज, हुमणाचा म्हणजे माशांच्या आमटीचा रस आणि गोळ्यांबरोबरचा घोटही.

पहिलं वर्षभर मी पहारा दिला. कळशी माझ्या नजरेसमोर ठेवायची, पेला मोजून द्यायचा. बाबा रात्री न्हाणीतल्या नळाला तोंड लावायचे, हे मला फार उशिरा कळलं. शनिवार-रविवार मध्ये यंत्र नसतं, म्हणून रविवारची रात्र अशा घरांना सगळ्यांत जड. तशाच एका रात्री ते खाटेवर बसून होते, पाठीला तीन उशा, तरी श्वास पुरेना. १०८ बोलावली. इस्पितळात वजन पाच किलो जास्त भरलं. एवढं पाणी एका बैठकीत ओढायचं तर रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात. बाबा कण्हत होते आणि मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते. त्या दिवशी मला माझ्याच पहाऱ्याचा राग आला.

तिथल्या सिस्टरनी एकच विचारलं, "घरी जेवायला काय असतं?" मी सांगितलं, सकाळी पेज नि खारा बांगडा, दुपारी शीत-हुमण, तोंडी लावायला तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही मीठ चारताय आणि पाणी अडवताय. मिठाची तहान माणसाला आवरत नाही. आधी मीठ काढा."

खारं बंद झालं. आईनेही सोडलं, एकट्याच्या ताटातून काढायचं तिला पटेना. पहिले पंधरा दिवस बाबा पेजेकडे बघून गप्प बसायचे. मग नळाकडे जाणं आपोआप कमी झालं. एका नातेवाइकाने प्रेमाने 'कमी सोडियमचं' मीठ आणून दिलं, ते मी वापरलं नाही. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम असतं, आणि ते साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळं नको तेही याचसाठी. आणि हे मात्र गोव्यातल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावं: परसातली करमलं, म्हणजे स्टारफ्रूट, अशा रुग्णाला लोणच्यातूनसुद्धा देऊ नका. मूत्रपिंड निकामी असताना त्यांचं विष मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, कधी मृत्यूही.

दुसरी गोष्ट मी केली ती अशी की माप बाबांच्या हातात दिलं. सकाळी ते स्वतः बाटली भरतात, चहा-पेजेपुरतं त्यातूनच काढून देतात, उरलेलं दिवसभर त्यांचं. कधी प्यायचं ते तेच ठरवतात. तोंड कोरडं पडलं की खळखळून चूळ भरतात, कधी लिंबाची फोड चोखतात. मी विचारत नाही.

गेल्या चवथीला आरतीनंतर माझ्या मावसभावाने सगळ्यांना कोकम सरबत वाटलं. बाबांसमोर पेला धरला आणि माझ्याकडे बघून थबकला. बाबांनी खिडकीतली बाटली उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "दोन बोटं शिल्लक आहेत रे, भजनाला ठेवलीयत."