सेगमेंटच्या पाठीमागची स्प्रिंग

विदर्भातील एका औष्णिक वीजकेंद्राच्या टर्बाइन देखभाल विभागात मी होतो, तेव्हाची ही घटना आहे. २१० मेगावॉटच्या एका संचाचे मोठे ओव्हरहॉल नुकतेच पूर्ण झाले होते आणि त्यात मध्यम दाबाच्या सिलिंडरमधील काही डायफ्रॅमच्या (वाफेला दिशा देणाऱ्या स्थिर चकत्यांच्या) जुन्या लॅबिरिंथ पॅकिंगऐवजी आम्ही प्रथमच ब्रश सील असलेले सेगमेंट (कड्याचे तुकडे) बसवले होते. पॅकिंगच्या मापांचा तक्ता मी स्वतः तपासला होता आणि त्यावर माझी सही होती. टर्बाइन फिरवण्याच्या दिवशी जे घडले ते त्या सहीमुळे मला इतरांपेक्षा अधिक जवळून पाहावे लागले.

या सीलची रचना आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे. आधुनिक वाफेचे टर्बाइन घडवणारे चार्ल्स पार्सन्स यांच्या काळापासून अशा टर्बाइनमध्ये शाफ्टभोवती धारदार दात असलेली कडी बसवण्याची पद्धत आहे; हेच लॅबिरिंथ पॅकिंग. दात शाफ्टला टेकत नाहीत. मधल्या अरुंद फटीतून वाफ अडखळत जाते आणि गळती कमी होते. ब्रश सील ही त्यापुढची पायरी असून १९८० च्या दशकात रोल्स-रॉईसने ती विमानाच्या इंजिनांसाठी व्यवहारात आणली. सुमारे एक दशांश मिलीमीटर जाडीच्या, कोबाल्टच्या मिश्रधातूच्या हजारो तारा दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरलेल्या असतात आणि त्या शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेने साधारण पंचेचाळीस अंशांत झुकवलेल्या असतात. शाफ्ट किंचित सरकला तर तारा वाकतात आणि पुन्हा जागेवर येतात. दाताला असे करता येत नाही. तो एकदा घासला की फट कायमची वाढते.

मात्र तारांनाही मर्यादा आहे. मिलीमीटरच्या काही दशांशांपर्यंतची हालचाल त्या सोसतात, त्यापलीकडची नाही. शिवाय दाबाखाली त्या मागच्या पट्टीला घट्ट चिकटतात आणि एकदा बाहेर ढकलल्या गेल्या की घर्षणामुळे लगेच परतत नाहीत. म्हणून वाफेच्या टर्बाइनमध्ये ब्रश केसिंगला (टर्बाइनच्या बाहेरच्या कवचाला) थेट जखडत नाहीत. कड्याचे सहा तुकडे करतात, प्रत्येक तुकडा डायफ्रॅमच्या खाचेत सैल बसवतात आणि त्याच्या पाठीमागे एक चपटी स्प्रिंग घालतात. स्प्रिंग तुकड्याला शाफ्टच्या बाजूला ढकलून खाचेच्या खांद्यावर टेकवून ठेवते आणि शाफ्ट जोराने लागलाच तर तुकडा दोन-अडीच मिलीमीटर मागे हटू शकतो. लहान हालचाल तारांनी सोसायची आणि मोठी स्प्रिंगने, अशी ही वाटणी आहे.

या स्प्रिंगचे खरे काम मशीन सुरू होतानाच्या काही तासांतच असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. संच भारावर आला की जास्त दाबाच्या बाजूची वाफ खाचेत शिरून तुकड्याला पाठीमागून दाबते, आणि तो जोर स्प्रिंगच्या जोरापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे सीलिंगसाठी कडक स्प्रिंग लागतच नाही. ती फक्त तुकडा जागेवर धरण्याइतकी सशक्त आणि धक्का बसताच माघार घेण्याइतकी मऊ हवी. यात एक बारकावा आहे. खालच्या अर्ध्या भागातल्या स्प्रिंगला तुकड्याचे वजन उचलून धरावे लागते, तर वरच्या अर्ध्यात तेच वजन तुकड्याला शाफ्टकडे ओढते. म्हणून सीलच्या नव्या सामानात स्प्रिंगचे दोन प्रकार आले होते, खालच्यांसाठी थोड्या कडक आणि वरच्यांसाठी मऊ. दोन्ही इन्कोनेलच्याच (निकेलच्या मिश्रधातूच्या) होत्या, लांबी-रुंदीही सारखीच होती. फरक केवळ जाडीत होता आणि तो डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हता.

फिरवण्याच्या दिवशी सकाळी व्हॅक्यूम झाले, बॅरिंग गिअरवर (शाफ्ट अगदी हळू फिरवत ठेवणाऱ्या यंत्रणेवर) शाफ्टची इक्सेंट्रिसिटी (मध्यापासूनचे विचलन) ठीक होती आणि आम्ही वाफ सोडली. मिनिटाला ५०० फेऱ्यांवर थांबून केसिंगला लोखंडी गज लावून मी कान दिला. घासल्याचा आवाज नव्हता. पुढे सुमारे १२०० फेऱ्यांवर सोकिंगसाठी (सगळे भाग सारखे तापू देण्यासाठी) थांबलो. पहिली वीस मिनिटे कंपने चाळीस मायक्रॉनच्या आसपास स्थिर होती, मग ती हळूहळू चढू लागली. गती बदलत नव्हती, बेअरिंगच्या तेलाचे तापमान बदलत नव्हते, तरी आकडा साठ, ऐंशी, शंभर असा वाढत गेला आणि त्याबरोबर फेज अँगलही (कंपनाची शाफ्टवरची दिशा) सरकत राहिला. दीडशेच्या जवळ पोहोचताच आम्ही टर्बाइन ट्रिप केले (वाफ तोडून बंद केले). गती उतरताना जे दिसले त्याने शंका फिटली: वर जाताना १००० फेऱ्यांवर जिथे पस्तीस मायक्रॉन होते, तिथे आता एकशे दहा होते. शाफ्ट वाकला होता. बॅरिंग गिअरवर आल्यावर इक्सेंट्रिसिटी सकाळच्या कित्येक पट होती आणि ती पूर्ववत व्हायला जवळजवळ पाच तास लागले. पूर्ववत झाली, म्हणजे वाक तात्पुरता होता, कायमचा नव्हता. त्या पाच तासांत कंट्रोल रूममधून मी हललो नाही.

शाफ्ट घासल्याने असा का वाकतो, याचा उलगडा अभियंते न्यूकर्क यांनी १९२६ मध्ये केला होता आणि त्यांचे नाव आजही या दोषाला दिले जाते. कोणत्याही शाफ्टची एखादी बाजू किंचित जड असतेच. क्रिटिकल स्पीडच्या, म्हणजे ज्या गतीला शाफ्टचे कंपन एकदम वाढते तिच्या, खाली जी बाजू जड, तीच फिरताना बाहेर फुगते. म्हणून सीलला घासते तीच, घासून तापते तीच, आणि तापल्यामुळे प्रसरण पावून आणखी बाहेर येते. मग ती आणखी जोराने घासते आणि हे चक्र वाढतच जाते. क्रिटिकल स्पीडच्या वर जड बाजू आणि फुगणारी बाजू एकमेकींच्या विरुद्ध येतात, त्यामुळे तेच घासणे तितके घातक राहत नाही. आमची अडचण अशी की आम्ही पहिल्या क्रिटिकलच्या खालीच अडकलो होतो, आणि वाकलेला शाफ्ट घेऊन ती गती ओलांडणे म्हणजे रोटर धोक्यात घालणे होते.

रात्री दुसरा प्रयत्न केला. तेच पुन्हा, आणि या वेळी अधिक लवकर. बैठकीत एक मत असे आले की तिसऱ्यांदा, चौथ्यांदा फिरवावे, ब्रश आपोआप घासून जागा करून घेईल. लॅबिरिंथच्या पातळ दातांबाबत असे पुष्कळदा चालून जाते, हेही खरे. मी मात्र विरोध केला, कारण तुकडा मागे हटत असता तर दोन प्रयत्नांत चक्र कुठेतरी थांबले असते. ते थांबत नव्हते, म्हणजे काहीतरी मागे हटत नव्हते. संच बंद ठेवण्याची किंमत मोठी होती आणि केसिंग उघडण्याइतके थंड व्हायलाच पाच-सहा दिवस जाणार होते, तरी शेवटी उघडण्याचे ठरले. तो निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांविषयी मला आजही आदर वाटतो.

केसिंग उचलल्यावर माझी पहिली शंका तारांच्या दिशेवर होती. एखादा तुकडा उलटा बसला तर तारा फिरण्याच्या विरुद्ध उभ्या राहतात आणि शाफ्टमध्ये रुततात. पण सर्व तुकडे योग्य दिशेने होते. खालच्या अर्ध्यातल्या दोन कड्यांवर मात्र तारांची टोके निळसर पडून चपटी झाली होती, शेजारच्या दातांवर चकाकी होती, आणि वरचे अर्धे जवळजवळ स्वच्छ होते. तळाशीच का, हेही समजण्यासारखे होते. सुरू होताना केसिंगचा वरचा भाग तळापेक्षा थोडा अधिक गरम असतो, त्यामुळे केसिंग मध्यावर वरच्या बाजूला कमान धरते आणि तळाची फट मिटत जाते. असे थोडे होणारच, आणि त्यासाठीच तर तुकडे स्प्रिंगवर बसवलेले असतात.

आमचे ज्येष्ठ फिटर खाली वाकले, दोन्ही अंगठ्यांनी एक तुकडा दाबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “साहेब, हा दबूनच नाही राहिला. तुम्ही पाहा.” मी दाबून पाहिला. पूर्ण भार दिला तरी तो अर्ध्या मिलीमीटरच्या आतच अडला. तुकडा बाहेर सरकवला आणि कारण हातात आले: पाठीमागे एकाऐवजी दोन स्प्रिंग एकावर एक घातलेल्या होत्या. दुपटीने कडक झाल्या हे एक, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या जाडीने मागची रिकामी जागाच खाल्ली होती. तुकडा जणू केसिंगलाच जखडला गेला होता.

हे का केले गेले, याचा शोध घेताना कोणावर बोट ठेवावेसे मला वाटले नाही. दोन प्रकारच्या स्प्रिंगची पाकिटे गोदामात उघडताना मिसळली होती. त्यामुळे मऊ स्प्रिंग खाली गेल्या. ब्रशमुळे नवे तुकडे जुन्यांपेक्षा जड होते, ते मऊ स्प्रिंगवर वजनाने खाली बसले आणि फीलर गेजला (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांना) तळाची फट मापापेक्षा जास्त लागली. माप बरोबर आणायचे म्हणून रात्रपाळीत कोणीतरी त्या दोन कड्यांत दुसरी स्प्रिंग घातली. मग फट अगदी तक्त्याप्रमाणे आली, आणि त्या तक्त्यावर मी सही केली. फट मोजली गेली होती. तुकडा मागे हटतो की नाही, हे कोणी पाहिले नव्हते, मीही नाही. रात्रपाळीतल्या त्या माणसाने आपल्या परीने काम नीट करण्याचाच प्रयत्न केला होता. दाबून पाहणे माझे काम होते.

पुढचे काम फार अवघड नव्हते. मायक्रोमीटरने प्रत्येक स्प्रिंगची जाडी मोजून दोन ढीग केले, कडक खाली आणि मऊ वर घातल्या, आणि प्रत्येक तुकडा हाताने दाबून तो किती हटतो हे डायल गेजवर नोंदवले. सोडल्यावर तो पुन्हा खांद्यावर येतो का, हेही पाहिले, कारण खाचेत कचरा किंवा बुरा (धातूच्या कडेला राहिलेला खरबरीत कंगोरा) असला तर तुकडा मागे जाऊन तिथेच राहतो आणि मग गळती वाढते. एका तुकड्याच्या खाचेत अडकणाऱ्या हुकाला खरोखरच बुरा निघाला. कानस मारून तो काढला. तक्त्यात फटीच्या रकान्याशेजारी “मागे हटणे” आणि “परत येणे” असे दोन रकाने मी त्याच दिवशी हाताने आखले.

खराब झालेल्या दोन कड्यांसाठी सुटे ब्रश मिळायला बराच अवधी लागणार होता. तेवढा काळ थांबणे शक्य नसल्याने तिथे जुने दातांचे तुकडे, त्यांच्या मूळ स्प्रिंगसह, परत बसवले. या वेळी १२०० फेऱ्यांवर सोकिंग चालू असताना कंपने एकदा पन्नासपर्यंत चढली, दहा मिनिटे तिथे राहिली आणि आपोआप उतरली. कुठेतरी काहीतरी टेकले होते आणि हटले होते. पहिली क्रिटिकल ओलांडताना माझी नजर आकड्यावरून हलली नाही. पहाटे तीनच्या सुमारास ३००० फेऱ्या स्थिर झाल्या आणि संच ग्रिडला जोडला गेला. त्या दोन कड्यांत ब्रश बसले ते पुढच्या ओव्हरहॉलमध्ये. तेव्हा खालचा प्रत्येक तुकडा त्याच ज्येष्ठ फिटरांनी आणि मी मिळून दाबून पाहिला.