मियोशीच्या टेकड्यांवर, नऊ जणींच्या मागे

नोकरीमुळे मी तीन वर्षं जपानच्या आइची प्रांतात, तोयोता शहरात राहिले. डिसेंबर उजाडला की शेजारच्या मियोशी कंट्री क्लबवर 'द क्वीन्स' ही महिला व्यावसायिक गोल्फची सांघिक स्पर्धा भरायची. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी तीनच वर्षं ती झाली. १९९९ पासून चालत आलेल्या जपान-कोरिया लढतीच्या जागी ती आली होती. जपान, कोरिया, युरोप आणि ऑस्ट्रेलिया या चार टूरचे (व्यावसायिक स्पर्धामालिकांचे) चार संघ, प्रत्येकात नऊ खेळाडू. पहिल्या वर्षी जपान जिंकलं, दुसऱ्या वर्षी कोरिया, तिसऱ्या वर्षी पुन्हा जपान. स्पर्धा आता होत नाही, पण कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, आहे तिथेच आहे आणि शरद ऋतूत तिथे पुरुषांची तोकाई क्लासिक होते. जपानमध्ये कुठलीही गोल्फ स्पर्धा बघायला जाणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या वर्षी, ४ डिसेंबर २०१५ च्या शुक्रवारी, मावशी माझ्याबरोबर होती. ती साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. गोल्फ तिने कधी पाहिला नव्हता. संघात किती जणी, एवढंच तिने विचारलं. नऊ म्हटल्यावर ती म्हणाली, "अगं, म्हणजे खो-खोच की. मैदानात नऊच उतरतात."

आधी जायचं कसं ते सांगते, कारण तिथे मी चुकले होते. कोर्सचं नाव मियोशी, म्हणून आम्ही मियोशिगाओका स्टेशनवर उतरलो. उतरायचं असतं त्याच्या शेजारच्या कुरोझासाला. कोर्स कुरोझासा भागातच आहे. आम्ही पुन्हा गाडी पकडून कुरोझासाला आलो आणि तिथून प्रेक्षकांच्या बसने वर गेलो. त्यात पाऊण तास गेला. नागोयाहून येणार असाल तर नागोया स्टेशनवरून हिगाशियामा लाइनने फुशिमीला या आणि तिथे त्सुरुमाई लाइनची तोयोताकडे जाणारी गाडी धरा. ही भुयारी गाडी पुढे मेइतेत्सुच्या तोयोता लाइनवर तशीच जाते. फक्त पाटीवर तोयोताशी लिहिलेलं आहे ना ते बघा, काही गाड्या अलीकडे आकाइकेलाच थांबतात. फुशिमीपासून पाऊण तासही लागत नाही. प्रेक्षकांच्या बसची जागा आणि वेळा दर वर्षी स्पर्धेच्या संकेतस्थळावर बघाव्यात, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नये. तिकीट आधी काढलेलं बरं. कोंबिनीतल्या (कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानातल्या) मशीनवर मिळतं, पण मशीन जपानीत बोलतं. मी सरळ काउंटरवरच्या मुलाला स्पर्धेचं नाव लिहून दाखवलं. त्याने बाहेर येऊन बटणं दाबून दिली.

प्रवेशद्वाराशी त्या दिवसाच्या जोड्यांचा कागद मिळतो, तो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. सांघिक गोल्फमध्ये तो कागद म्हणजे सगळा खेळ आहे. नेहमीच्या स्पर्धेत प्रत्येकीचे एकूण फटके मोजतात. इथे प्रत्येक होल (कोर्सचे असे अठरा टप्पे असतात) म्हणजे एक डाव. कमी फटक्यांत संपवेल त्या बाजूचं ते होल, आणि उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथेच संपतो. तीन होलांची आघाडी असेल आणि दोनच होल उरले असतील, तर पुढे खेळायचं कारणच नाही. १६ व्या होलवर हात मिळवून सगळ्या परत फिरतात.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात कळकळीचा सल्ला: १८ व्या ग्रीनजवळ (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळ) घडीची खुर्ची टाकून बसू नका. नेहमीच्या स्पर्धेत ती उत्तम जागा असते. इथे तिथे बसलेल्या मंडळींना दिवसभरात फार थोडे सामने दिसले. एक सामना निवडा आणि पहिल्या टीपासून (होलचा पहिला फटका मारतात त्या जागेपासून) शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चाला. गर्दीच्या सामन्यामागे जाऊच नका. त्या वर्षी गर्दी होती कोरियाच्या ली बो-मीमागे. त्या मोसमात तिने जपानच्या टूरवर सात स्पर्धा जिंकून २३ कोटी येनच्या वर कमाई केली होती. जपानमध्ये तोवर पुरुषांनासुद्धा एका मोसमात एवढी मिळाली नव्हती. तिच्या सामन्याला दोरीलगत उभं राहायला जागा नव्हती. आम्ही दोन सामने सोडून मागे गेलो, तर खेळाडूंचं आपसातलं बोलणंसुद्धा कानावर येत होतं.

पहिला दिवस फोरबॉलचा. दोघी आपापला चेंडू खेळतात, दोघींपैकी चांगला आकडा धरला जातो. एक जपून खेळते, दुसरी धाडस करते. बघायला सोपं आणि नवख्याला लगेच कळणारं. पण मावशीला खरं आवडलं ते नंतरच्या दिवसाचं फोरसम्स. त्यात जोडीला चेंडू एकच, आणि फटके आळीपाळीने. एकीने मारलेला चेंडू झाडीत गेला तर तो काढायचा दुसरीने. एका जोडीचं असंच झालं. जिचा फटका चुकला होता ती चेंडूपाशी पुढे गेली नाही. बॅगेशी उभी राहिली आणि नजर जोडीदारणीवर. जोडीदारणीने फांद्यांखालून, अगदी बुटका फटका मारून चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, आणला आणि मागे वळून नुसती मान हलवली. मावशी हळूच म्हणाली, "बघ, खो नीट मिळाला तिला." मुलींना ती हेच शिकवायची म्हणे. खो देणारीने वळून बघायचं नाही, आणि घेणारीने मागचं काढायचं नाही.

मला हे बघायला मिळालं याचं फार अप्रूप आहे. एरवी या खेळाडू वर्षभर एकट्या फिरतात, एकट्या हरतात. इथे पट (ग्रीनवरून भोकात ढकलायचा फटका) चुकल्यावर पाठीवर हात ठेवायला कुणी तरी होतं. सामना संपलेल्या खेळाडू कपडे बदलायला न जाता मागच्या सामन्यांकडे धावत येत होत्या आणि दोरीच्या आत गवतावर बसून ओरडत होत्या. महिलांचा गोल्फ कंटाळवाणा, असं म्हणणाऱ्यांनी तो आवाज ऐकायला हवा होता.

मियोशीचं १६ वं होल मात्र चुकवू नका. पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित, आणि डावीकडे जमीन एकदम खाली जाते. डावीकडे गेलेला चेंडू सहजी परत येत नाही. फलकावर बघा, सामना बरोबरीत किंवा एक-दोनच्या फरकाने असेल तर तो १६ पर्यंत येणार. मग दोन होल आधीच पुढे जाऊन टी आणि ग्रीन दोन्ही दिसतील अशी जागा धरा. मोठ्या आघाडीचा सामना तिथपर्यंत पोचेलच असं नाही.

कोर्स डोंगराळ आहे. मावशीचे गुडघे चढावर ठीक होते, उतारावर दुखले. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर नऊच होल चाला आणि क्लबहाऊसजवळ थांबा. बूट सपाट तळाचे, पकड असलेले. टाचांचे चालत नाहीत. सकाळी गवत ओलं असतं, मोजे जास्तीचे घ्या. डिसेंबरात सकाळी चार-पाच अंश असतं, आणि इबुकी डोंगरावरून येणारं वारं अंगात शिरतं. इबुकी-ओरोशी म्हणतात त्याला. औषधांच्या दुकानात 'काइरो' नावाच्या गरम होणाऱ्या पुड्या मिळतात. एक खिशात, एक पाठीवर, स्वेटरच्या वरून चिकटवायची. थेट कातडीला लावू नका, भाजतं.

खाण्याचं. स्टॉलवर ओदेन (रश्श्यात शिजवलेले तुकडे), उदोन (जाड शेवया), तळलेलं चिकन असतं. शाकाहारी माणसाने उदोनच्या नुसत्या रश्श्यावरही विसंबू नये, तो बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो. मावशीने पहाटे उठून तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी केली होती. आम्ही ती १० व्या टीजवळ बसून खाल्ली. शेजारच्या आजींनी मँडरिन संत्री दिली, आम्ही पुऱ्या दिल्या. कचरा पिशवीत घालून घरी न्यायचा.

फोन बंद ठेवा. खेळ चालू असताना तेव्हा तिथे फोटो चालत नव्हते. मी पहिल्या होलवर फोन बाहेर काढला, तर एक स्वयंसेवक समोर येऊन वाकला आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंसेवकाच्या हातातली शांततेची पाटी वर गेली की चालायचंसुद्धा नाही, आहात तिथे थांबायचं. टाळ्या चांगल्या फटक्याला, मग तो कुठल्याही संघाचा असो. "नाइसु शोत्तो" (नाइस शॉट) एवढं म्हटलं तरी आजूबाजूचे लोक हसून मान डोलावतात.

आता सांघिक सामने तिथे नाहीत, तरी आइचीत महिलांचा गोल्फ बघायचा तर सप्टेंबरात चिता द्वीपकल्पावर मिहामाला लेडीज तोकाई क्लासिक होते. तेव्हा थंडी नसते, ऊन असतं. टोपी आणि छत्री न्या, पण खेळाडू जवळ असताना छत्री मिटा.

डिसेंबरात जाल तर शेवटच्या बसची वाट बघू नका. पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि मग सगळी गर्दी एकदम रांगेत येते. आम्ही शेवटून दुसऱ्या सामन्याचा निकाल लागताच निघालो आणि बसायला जागा मिळाली. मावशीने बसमध्ये जोड्यांचा कागद मांडीवर पसरला आणि ज्यांच्यामागे दिवसभर चाललो होतो त्या चौघींच्या नावांपुढे मला विचारून विचारून देवनागरीत उच्चार लिहून घेतले.