तुम्ही विचारलंत म्हणून : निवेदन दिलं, पुढे काय?

‘आम्ही निवेदन दिलं. आमदारांनी वाचलं, फोटो झाला, नक्की बघतो म्हणाले. दोन अधिवेशनं उलटली, काही हललं नाही. कुठे चुकलं?’ राज्याच्या कायद्यांवर काम करणाऱ्या नागरिक गटांना हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा नीट उत्तर लिहून ठेवलेलं बरं.

चूक बहुतेक वेळा निवेदनातच असते. ‘याबाबत कडक कायदा करावा ही नम्र विनंती’ असं लिहिलेला कागद मंत्रालयात पोचतो, त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि तो उतरत उतरत कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. आता त्यानं काय करावं? कोणतं कृत्य गुन्हा ठरवायचं, तक्रार कोणी ऐकायची, पैसा कुठून आणायचा, यातलं काहीच कागदावर नाही. तो ‘मागणीची नोंद घेण्यात आली’ असं कळवतो आणि विषय मिटतो. त्या अधिकाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला टिप्पणी लिहिता येईल असं तुम्ही काही दिलेलंच नसतं.

मसुद्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, विषय कोणाचा, राज्याचा की केंद्राचा? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची आणि समवर्ती सूची शेजारी उघडून बसा. विषय समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा, असेल आणि केंद्राच्या कायद्याशी विसंगती येणार असेल, तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची अनुमती लागते, म्हणजे वेळ गेलाच. सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एप्रिल २०१६ मध्ये संमत झालं आणि कायदा म्हणून राजपत्रात आलं जुलै २०१७ मध्ये. कार्यकर्त्यांना हे आधी सांगितलं नाही, तर पेढे वाटून झाल्यावर वर्षभर ‘कायदा कुठे गेला?’ याची उत्तरं देत बसावं लागतं.

दुसरी, याच विषयावर आधी काही होऊन गेलंय का? बहिष्काराचंच उदाहरण घ्या. मुंबई राज्यानं १९४९ सालीच वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, कारण धार्मिक संप्रदायाला आपला धार्मिक कारभार स्वतः पाहण्याचा जो अधिकार अनुच्छेद २६ देतो, त्याला त्या कायद्यानं धक्का लागत होता. बहिष्कारावर नवा मसुदा लिहिणाऱ्यानं हा निकाल वाचलेला नसेल, तर विधी व न्याय विभागातला पहिलाच माणूस त्याला थांबवील, आणि ते बरोबरच असेल.

खरं काम मग सुरू होतं : मनातली चीड कायद्याच्या भाषेत उतरवणं. याचा उत्तम धडा जादूटोणाविरोधी कायद्यात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तो कायदा त्यांच्या खुनानंतर, ऑगस्ट २०१३ मध्ये आधी अध्यादेश म्हणून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात संमत झाला. बोलताना सगळे त्याला अंधश्रद्धा निर्मूलन कायदा म्हणतात, पण त्याच्या लांबलचक नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच नाही. नाव आहे नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबतचं. हे मुद्दाम आहे. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते याची व्याख्या न्यायालयात टिकेल अशा शब्दांत करता येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, याची मात्र करता येते. म्हणून कायद्याला बारा नोंदींची अनुसूची जोडलेली आहे. कृत्य त्या नोंदीत बसलं तर गुन्हा, नाही बसलं तर नाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. आणि प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘वारीवर बंदी आणणार’ असा प्रचार ज्या कायद्याविरुद्ध झाला, त्याला हे वाक्य लिहून घेणं भागच होतं.

यात काही गमावलं जातं, हे मान्य करायला हवं. अनुसूचीत नसलेली नवी बुवाबाजी उद्या निघाली, तर हा कायदा तिच्यापुढे हतबल. पण पोलीस ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराला रात्री अकरा वाजता कलम लावायचं असतं. त्याच्या हातात तत्त्वज्ञान दिलंत तर तो अदखलपात्र लिहून मोकळा होईल. यादी दिलीत तर बोट ठेवून बघेल. आमचं मत यादीच्या बाजूनं आहे.

यानंतरचा प्रश्न बहुतेक मसुद्यांत राहूनच जातो : कायदा मोडला तर ऐकणार कोण? दोन कायदे शेजारी ठेवून बघा. बदल्या आणि दफ्तर दिरंगाई यांबाबतचा २००५ चा कायदा सांगतो की कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. वाक्य झकास आहे. पण राहिली तर? शिस्तभंगाची कारवाई, आणि ती करायची त्याच खात्यातल्या वरिष्ठानं. बाहेर दाद मागायला जागा नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात हे बदललं. सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर तो पदनिर्देशित अधिकारी, वर दोन अपिलं खात्यातल्या खात्यात, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. शास्ती, म्हणजे दंड, पाचशे ते पाच हजार रुपये. रक्कम किरकोळ वाटते, पण ती अधिकाऱ्यावर वैयक्तिक बसते, त्यामुळे टोचते.

तरी याही कायद्यात एक फट आहे आणि ती नेमकी अर्जाच्या खिडकीवर आहे. सेवेची मुदत मोजायची ती सगळी कागदपत्रं जोडलेला परिपूर्ण अर्ज दिला त्या दिवसापासून. पोच देताना तारीख, अर्जाचा क्रमांक आणि मुदत लिहून द्यायची, असं कायदाच सांगतो. ‘पोच नंतर घ्या, आधी साहेबांना बघू द्या’ असं खिडकीवर म्हटलं गेलं, की घड्याळ सुरूच होत नाही. मग दिरंगाई नाही, अपील नाही, शास्तीही नाही. शिवाय जी सेवा त्या कार्यालयानं अधिसूचित केलेली नाही, तिला कायदा लागूच होत नाही. म्हणून अशा कायद्यावर काम करणारा गट भाषणापेक्षा अधिसूचित सेवांच्या यादीवर जास्त वेळ घालवतो.

पैशाचं थोडक्यात. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, तर अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते आणि खर्चाचा तपशील देणारं वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. ‘खर्चाचं सरकार बघेल’ असं लिहिलेला मसुदा वित्त विभागात अडकतो. रोजगार हमीनं यावर काढलेला तोडगा आजही अनेकांच्या पगारपत्रकावर दिसतो : व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. १९७५ चा हा कर रोजगार हमीला पैसा पुरवण्यासाठीच बसवला गेला. मागणीबरोबर तिचा पैसाही सुचवला, म्हणून १९७७ चा कायदा उभा राहू शकला.

आता आमदारांकडे कधी जायचं ते. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. तिन्हीच्या आधी चार-सहा आठवडे हीच कामाची वेळ. सभागृहात विधेयक मांडलं जातं, विचारात घेतलं जातं, खंड (विधेयकातली कलमं) एकेक करून मताला टाकले जातात. पुष्कळदा शेवटच्या दोन-तीन दिवसांत विधेयकांची रांग लागते आणि प्रत सदस्याच्या हाती पडते तेव्हा वाचायलाही सवड नसते. तुमचं टिपण त्याआधीच त्याच्या फाइलमध्ये हवं, आणि एका पानाचं हवं.

गटाला स्वतः दुरुस्ती मांडता येत नाही, ती सदस्यानंच द्यायची असते. विरोधी बाकांवरून आलेली दुरुस्ती बहुधा आवाजी मतदानात पडते, मग ती कितीही शहाणपणाची असो. तीच गोष्ट मंत्र्यानं शासकीय दुरुस्ती म्हणून आणली, की मिनिटभरात संमत होते. तेव्हा खात्याच्या उपसचिवाला पटवणं हे दहा आमदारांना पटवण्याइतकं मोलाचं. अशासकीय विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेल्या विधेयकाचा, कायदा होत नाही म्हणून ते वाया जातं, असंही नाही. उत्तर देताना मंत्री ‘शासन सर्वंकष विधेयक आणेल, सदस्यांनी मागे घ्यावं’ असं म्हणतात. हे वाक्य कार्यवाहीत छापलं जातं आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीपुढे धरता येतं. तारीख टिपून ठेवा.

वरच्या सभागृहाचं गणितही माहीत हवं. विधान परिषदेला साधं विधेयक कायमचं अडवता येत नाही. पहिल्या खेपेला तीन महिने, विधानसभेनं पुन्हा संमत केल्यावर आणखी एक महिना, बस. ही तरतूद अनुच्छेद १९७ मध्ये आहे, पण ती वापरायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर. लोकायुक्त विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालं, परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये. आणि विधानसभा विसर्जित झाली, की तिच्यापुढे पडून असलेलं विधेयक व्यपगत होतं, पाटी कोरी. जुलै २०२४ मध्ये मांडलेलं विशेष जनसुरक्षा विधेयक असंच गेलं आणि निवडणुकीनंतर डिसेंबरात नव्यानं मांडावं लागलं. विधानसभेच्या शेवटच्या वर्षात नवा मसुदा रेटणं म्हणजे बहुतेकदा पुढच्या विधानसभेसाठी तालीम.

ते जनसुरक्षा विधेयक पुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मोजक्याच बदलांनिशी संमत झालं. एका मजकुराची हजार पत्रं पाठवावीत का, असं लोक विचारतात. जरूर पाठवा, विरोध किती आहे ते त्यातून दिसतं. पण समितीचा कर्मचारी ती पत्रं एका ओळीत गोळा करतो : ‘विधेयक मागे घ्यावे, अशा आशयाच्या सूचना.’ बदल हवा असेल तर चार रकान्यांचा तक्ता लागतो : खंड क्रमांक, विधेयकातला मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. तिसऱ्या रकान्यात नुसती अपेक्षा लिहायची नाही, छापता येईल असं वाक्य लिहायचं. नमुना : ‘खंड ५, उपखंड (२) मध्ये, “नियुक्ती करू शकेल” या शब्दांऐवजी “नियुक्ती करील” हे शब्द दाखल करण्यात यावेत.’ कारण : ‘शकेल’ असेल तर अधिकारी नेमला नाही तरी कायदा मोडत नाही. एवढंच. हा एक शब्द बदलून घेता आला, तर मोर्चाच्या दिवसाइतकं काम झालं असं समजा.

विधेयक संमत झालं, की सगळ्यात आधी कलम १ वाचा. ‘शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नेमून देईल अशा दिनांकास तो अंमलात येईल’ असं असेल तर अजून काहीच झालेलं नाही. रोजगार हमी कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. त्यानंतर विधेयकाच्या शेवटी जोडलेलं, वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचं ज्ञापन काढा. त्यात कोणकोणत्या खंडांखाली नियम करायचेत याची यादीच असते, आणि ती कोणी वाचत नाही. अर्जाचा नमुना, फी, चौकशीची पद्धत, हे सगळं तिथे ठरतं. नियमांचा मसुदा राजपत्रात हरकती व सूचनांसाठी येतो तेव्हा वर्तमानपत्रात बातमी नसते. दर आठवड्याला राजपत्र चाळणारा एक माणूस गटात हवाच.

आणि सहा महिन्यांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज, चार ओळींचा : नियम कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाले, अधिकारी कोणत्या आदेशान्वये नेमले, आजवर तक्रारी किती आल्या, त्यांपैकी दोषारोपपत्र किती प्रकरणांत दाखल झालं. शेवटच्या दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल, तर पुढच्या दुरुस्तीचा तक्ता त्या अंतरापासून भरायला घ्या.